विश्लेषण : नेमबाजीसाठी रायफल किती बोअरची घ्यावी? बीडमध्ये हा प्रश्न नाजूक का ठरतो?

बीड जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांच्या हातात पहिली ‘रायफल’ येते ती जत्रेत. फळीवर ओळीने लावलेले फुगे, मोजून दिलेले छर्रे आणि मागे उभा राहून ‘थोडी खाली धर’ म्हणणारा स्टॉलवाला. काहींना दुसरी संधी एनसीसीच्या शिबिरात मिळते, तिथे ‘पॉइंट टू टू’ असते. पुढे कोणाला खरंच नेमबाज व्हायचं असेल तर पहिला प्रश्न पडतो तो बोअरचा. ४.५ मिमी, पॉइंट टू टू, पॉइंट थ्री वन फाइव्ह, थ्री झिरो एट... यातली कोणती? या आकड्यावर नेम, खर्च आणि खांद्याला बसणारा धक्का अवलंबून असतोच. शिवाय घरात आलेली वस्तू खेळाचं साहित्य ठरते की परवान्याचं शस्त्र, हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

बीडमध्येच हा प्रश्न नाजूक का?

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं समोर आलं. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडीओ व्हायरल झाले. प्रशासनाने छाननी सुरू केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द केले. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणं हा २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अशा जिल्ह्यात एखाद्या मुलाने वा मुलीने घरी ‘मला रायफल घ्यायचीय’ म्हटलं, तर आई-वडिलांच्या कपाळावर आठी येणारच. नेमबाजीची रायफल आणि कमरेची ‘वस्तू’ यांतला फरक त्यांना आकड्यांतून समजावून सांगता येतो. तेवढ्यासाठी तरी हे आकडे समजून घेतलेले बरे.

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे नेमकं काय?

ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास. तो इंचात सांगितला की ‘पॉइंट टू टू’, म्हणजे ०.२२ इंच. मिलिमीटरमध्ये सांगितला की ५.६. पण नुसत्या व्यासावर जाऊ नये. ‘पॉइंट टू टू लाँग रायफल’ आणि ‘टू टू थ्री’ या दोन काडतुसांच्या गोळ्यांची जाडी जवळपास सारखीच असते. तरीही दुसऱ्या गोळीची ऊर्जा पहिलीच्या दहापटीहून जास्त भरते, कारण मागे दारू जास्त आणि वेग तिप्पट. त्यामुळे बोअर विचारताना काडतुसाचं पूर्ण नाव विचारायला हवं.

नेमबाजीतल्या तीन पायऱ्या पाहिल्या की अंतर कळतं. १० मीटर स्पर्धेतल्या एअर रायफलचा ४.५ मिमीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो आणि सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. ऊर्जा सात-आठ जूल. पॉइंट टू टूच्या स्पर्धेच्या काडतुसातली गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, ऊर्जा १४० जूलच्या आसपास. थ्री झिरो एटची गोळी जवळजवळ ११ ग्रॅमची आणि वेग ८०० मीटर. तिची ऊर्जा साडेतीन हजार जूलच्या घरात जाते.

पॉइंट टू टूच्या स्पर्धेच्या काडतुसाचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवलेला असतो. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सुटून वाटेत त्याखाली आली, तर त्या टप्प्यावर ती डळमळते आणि कागदावर गोळ्यांचा पुंजका पसरतो. नव्या नेमबाजाला ‘फास्ट’ लिहिलेला डबा भारी वाटतो, अनुभवी नेमबाज तो बाजूला ठेवतो.

‘सिल्युएट’ नेमबाजीत मोठा बोअर का लागतो?

मोठ्या बोअरला खरं काम असलेला एक खेळ आहे, सिल्युएट. त्याचा जन्म मेक्सिकोतला. तिथे पूर्वी जिवंत प्राणी बांधून त्यांच्यावर पैजा लावून नेम धरत. १९४८ च्या सुमारास त्यांच्या जागी पोलादी पत्र्याच्या आकृत्या आल्या. आजही चार प्राणी ठरलेले आहेत : २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर रानडुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० मीटरवर मेंढा. नेमबाजाने उभं राहून, कशाचाही टेकू न घेता पाच आकृत्यांवर अडीच मिनिटांत पाच गोळ्या झाडायच्या.

यातला कळीचा नियम असा की गोळी लागून उपयोग नाही, आकृती स्टँडवरून खाली पडायला हवी. ५०० मीटरवरचा पोलादी मेंढा साधारण २५ किलोचा असतो. तो पडतो की नाही, हे ऊर्जेपेक्षा संवेगावर ठरतं. शाळेतलं सूत्र आठवा : वस्तुमान गुणिले वेग. थ्री झिरो एटची गोळी नळीतून सुटताना तिचा संवेग पॉइंट टू टूच्या दहापट असतो. म्हणून या प्रकारात किमान ६ मिमीचा बोअर लागतो.

मग जास्तीत जास्त मोठा बोअर का घेऊ नये? कारण न्यूटनचा तिसरा नियम. गोळीला जेवढा संवेग मिळतो, तेवढा (आणि जळालेल्या दारूच्या वायूचा थोडा वर) उलटा खांद्यावर येतो. उभ्याने साठ-ऐंशी गोळ्या झाडायच्या तर विसाव्या गोळीपासून शरीर धक्क्याची वाट पाहू लागतं. ट्रिगर दाबण्याआधीच डोळा मिटतो, खांदा आखडतो, आणि मेंढा पडायचं सोडा, गोळी त्याच्या बाजूनेच जाते. यावर नेमबाजांनी काढलेला तोडगा म्हणजे मधले बोअर, ६.५ किंवा ७ मिमीचे. लांबट, निमुळती गोळी हवेत कमी अडते आणि दूरवर वेग टिकवते. त्यामुळे ६.५ मिमीची गोळी हलकी असूनही ५०० मीटरवर तिचा संवेग थ्री झिरो एटच्या बराच जवळ पोहोचतो, धक्का मात्र कमी बसतो. थोडक्यात, मेंढा पाडायला पुरेल इतकाच संवेग घ्यायचा आणि उरलेली सगळी काळजी खांद्याची करायची.

याच खेळाची छोटी रूपंही आहेत. पॉइंट टू टूसाठी ४०, ६०, ७७ आणि १०० मीटरवर लहान आकृत्या असतात, तर एअर रायफलसाठी २० ते ४५ यार्डांवर त्याहूनही चिमुकल्या. जत्रेतल्या फुग्यांचा सख्खा भाऊच म्हणायचा हा प्रकार.

मग भारतात यातलं काय शक्य आहे?

इथे विज्ञान संपतं आणि कायदा सुरू होतो. शस्त्र नियम २०१६ नुसार एअर रायफलचा बोअर ४.५ मिमीपेक्षा जास्त नसेल आणि ऊर्जा २० जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. दोनपैकी एक मर्यादा जरी ओलांडली तरी परवाना हवा. अनेकांची गफलत होते ती इथेच. ५.५ मिमीची एअर गन बाहेरून तशीच दिसते, ‘जरा पॉवरफुल’ म्हणून खपवलीही जाते, पण तिला परवाना लागतो. परदेशात सिल्युएटसाठी काही जण हाच बोअर वापरतात, त्यामुळे तिकडचे व्हिडीओ पाहून ऑर्डर करण्याचा मोह टाळलेला बरा. खरेदीची पावती आणि रायफलवरचे आकडे जपून ठेवावेत. उद्या पोलिसांनी विचारलं तर तेच कामाला येतात.

पॉइंट टू टू रायफल मात्र सरळ शस्त्र कायद्याखाली येते. परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल, शिवाय खेळाडू म्हणून अर्ज असेल तर रायफल संघटनेचं सदस्यत्व अशी वाट आहे. २१ वर्षांखालच्यांना एरवी परवाना मिळत नाही. पण १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना प्रशिक्षणासाठी नियमांत वेगळी सोय आहे. सामान्य परवानाधारकाला २०१९ पासून दोनच शस्त्रं ठेवता येतात, पात्र खेळाडूंना त्यात सूट आहे.

थ्री झिरो थ्री आणि ७.६२ मिमी हे लष्करी बोअर ‘प्रतिबंधित’ गटात मोडतात. गावाकडे परवान्यावर दिसते ती थ्री वन फाइव्ह रायफल किंवा पॉइंट थ्री टू रिव्हॉल्व्हर, कारण ते बोअर अप्रतिबंधित आहेत आणि सरकारी आयुध कारखाने ती बनवतात. ऑलिंपिकच्या कोणत्याही रायफल प्रकारात थ्री वन फाइव्ह चालत नाही. पॉइंट थ्री टूची गंमत वेगळीच. हा बोअर २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत खरोखर वापरतात, पण त्यासाठी लांब नळीचं, बारीक साइटचं खास हत्यार असतं. कमरेला खोचायचं रिव्हॉल्व्हर घेऊन तिथे उभं राहिलं तर कागद कोरा राहण्याचीच शक्यता जास्त.

म्हणजे सुरुवात कशाने करायची?

४.५ मिमी एअर रायफलने, यावर फारसा वाद नाही. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे प्रकार असतात. देशी ओपन साइट रायफल काही हजारांत येते, ऑलिंपिक दर्जाची रायफल लाखांत जाते. पाचशे छर्‍यांच्या एका डब्यात आठ पूर्ण सामने होतात. पॉइंट टू टूची तेवढी काडतुसं झाडायची तर खर्च कितीतरी पटीने वाढतो आणि प्रत्येक काडतुसाची नोंद परवान्यावर होते. नेम तयार होतो तो गोळ्यांच्या संख्येवर, त्यामुळे ज्याचा छर्रा स्वस्त तो बोअर नवशिक्यासाठी चांगला.

आणि ‘छोट्या बोअरने काय होतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच ४.५ मिमीवर. १० मीटरवरून ज्या दहाच्या ठिपक्यावर नेम धरतात त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह थ्री पोझिशनचं ऑलिंपिक कांस्य मिळवलं. दोघांचाही बोअर एकच, पॉइंट टू टू. तिथला दहाचा वर्तुळव्यास १०.४ मिमी, एवढ्याशा जागेसाठी गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभ्याने मिळून साठ गोळ्या. स्वप्नील राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. अविनाश साबळेने आष्टी तालुक्यातल्या मांडव्यातून धावायला सुरुवात केली तेव्हा रस्ता तरी होता. नेमबाजीला रेंज लागते, आणि चांगल्या रेंजसाठी बीडच्या मुलांना अजून पुण्याच्या बालेवाडीकडे बघावं लागतं. बोअर कितीही बरोबर निवडला तरी ही अडचण त्याने सुटत नाही.

घरी सराव करताना काय पाहायचं?

परवाना लागत नाही म्हणजे धोका नाही, असं नाही. एअर रायफलच्या छर्‍याने डोळा जाऊ शकतो. निशाणामागे पक्की भिंत हवी आणि तिच्यापुढे जुन्या गोधड्या घट्ट कोंबलेली लाकडी पेटी. पत्र्याच्या आकृत्या लावायच्या असतील तर अंतर वाढवावं, कारण शिशाचा छर्रा पोलादावरून उलटा उसळतो. नेम धरणाऱ्याने आणि शेजारी उभ्या असलेल्यानेही चष्मा लावावा. रायफल भरलेली नसली तरी नळी माणसाकडे वळवायची नाही.

पाखरांवर तर नेम धरायचाच नाही. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. त्याच्यावर छर्रा झाडला, तर रायफलला परवाना लागत नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही.