अपघात, हयगय आणि भरपाईचा हक्क



घरांतील कमावता माणूस सकाळीं कामावर निघतो आणि दुपारीं इस्पितळांतून निरोप येतो, कीं मोटारीनें त्याला उडविलें. अशा प्रसंगीं आपल्या समाजांत बहुधा दोनच उद्गार ऐकूं येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "नशिबांत होतें, त्याला कोण काय करणार?" आणि चार दयाळू माणसें म्हणतात, "मोटारवाल्यानें माणुसकीनें कांहीं तरी द्यावें." पहिल्या उद्गारांत दुःख सोसण्याचें बळ आहे, दुसऱ्यांत भूतदया आहे; परंतु या दोहोंच्या मध्यें एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. कोणी आपलें कर्तव्य नीट बजावलें असतें तर हा अपघात टळला असता काय? या प्रश्नाचें उत्तर "होय" असें आलें, कीं प्रकरण दैवाच्या आणि दयेच्या हातून निघून हक्काच्या प्रांतांत येतें. त्या हक्काचें स्वरूप काय, तो कसा उत्पन्न झाला आणि तो हातचा जाऊं नये म्हणून घरच्या मंडळींनीं काय करावें, एवढें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम 'हयगय' या शब्दाकडे वळूं. व्यवहारांत आपण तो सहज वापरतों. कायद्यानें मात्र त्याचा अर्थ मोठ्या काळजीनें बांधला आहे. स्कॉटलंडमधील पेस्ली या गांवीं ऑगस्ट १९२८ मध्यें एक बाई एका स्नेह्याबरोबर उपाहारगृहांत गेली. त्या स्नेह्यानें तिच्यासाठीं जिंजर बिअरची बाटली मागविली. बाटली गडद काचेची होती. थोडें पेय पिऊन झाल्यावर उरलेलें ओततांना आंतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली आणि त्यामुळें आपण आजारी पडलों, अशी तिची तक्रार होती. बाटलीचे पैसे स्नेह्यानें दिलेले. तेव्हां दुकानदाराशीं बाईचा करार नव्हता, मग कारखानदाराशीं तो कोठून असणार? तरीही १९३२ सालीं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें, तीन विरुद्ध दोन मतांनीं, असा निर्णय दिला, कीं ही हकीकत शाबीत झाल्यास कारखानदार जबाबदार राहील. गोगलगाय खरोखर होती कीं नाहीं, याचा निकाल पुढें कधींच लागला नाहीं. पण तत्त्व कायम झालें. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनीं त्या वेळीं 'शेजारी' या साध्या शब्दाला कायद्यांत स्थान दिलें. आपल्या कृतीमुळें ज्याला इजा पोंचेल हें आपल्याला आधींच कळावयास हवें, तो आपला शेजारी. आणि त्याच्याविषयीं वाजवी काळजी घेणें हें आपलें कर्तव्य. रस्त्यानें मोटार हांकणाऱ्याला पदपथावरून उतरणारी वृद्ध बाई, शाळेंतून सुटलेलें मूल, पुढें चाललेला सायकलवाला, हे सारे या अर्थानें शेजारीच होत.

म्हणून हयगय शाबीत करावयाची म्हणजे तीन दुवे जोडावयाचे असतात. पहिला, काळजी घेण्याचें कर्तव्य होतें. दुसरा, त्या कर्तव्याचा भंग झाला. आणि तिसरा, त्या भंगामुळेंच हानि झाली. यांतील एक दुवा निखळला तरी दावा ढासळतो. ब्रेक नादुरुस्त होते, पण पादचारी स्वतःच चक्कर येऊन पडला व मोटार त्याला लागलीच नाहीं, तर तेथें मालकाचा दोष असूनही भरपाईचा प्रश्न येत नाहीं.

आतां इतिहासाकडे पाहूं. कारण हा हक्क फार जुना नाहीं. इंग्लंडमध्यें १८०८ सालीं एक चमत्कारिक निकाल झाला. नवरा-बायको बसले होते ती घोडागाडी उलटली. नवऱ्याला खरचटलें, बायको महिनाभरानें वारली. न्यायमूर्ति लॉर्ड एलेनबरो यांनीं सांगितलें, कीं माणसाचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत दाद मागण्याजोगी हानि नव्हे. नवऱ्यानें मागावें तें बायकोच्या मृत्यूच्या क्षणापर्यंतच्या नुकसानीबद्दल. याचा अर्थ असा होई, कीं पाय मोडला तर भरपाई मिळे आणि जीव गेला तर मिळत नसे. पुढें आगगाड्या आल्या, अपघात वाढले, आणि १८४६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटला मृताच्या कुटुंबीयांस दावा करण्याचा हक्क देणें भाग पडलें. आपल्याकडे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी १८५३ सालीं धांवली आणि दोनच वर्षांनीं, १८५५ सालीं, प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. मृताची पत्नी वा पति, आईबाप आणि मुलें यांना भरपाई मागण्याचा कायद्याचा आधार तेव्हांपासूनचा आहे.

परंतु हक्क असणें निराळें आणि पैसे हातीं पडणें निराळें. मोटारचालकाचा खिसा रिकामा असला, तर न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन करावयाचें काय? या अडचणीवर १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें उपाय योजला. प्रत्येक वाहनमालकानें तिऱ्हाइताच्या इजेबद्दल विमा उतरलाच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. ही तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलांत आली. नंतर १९५६ च्या दुरुस्तीनें अशा दाव्यांसाठीं खास न्यायाधिकरणें नेमण्याची सोय झाली. आज चालू असलेला कायदा १९८८ चा असून २०१९ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीचीं भरपाईविषयक कलमें १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत.

या कायद्यांत जखमी मनुष्यापुढें वा मृताच्या वारसांपुढें दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेनें गेल्यास कोणाचाही दोष शाबीत करावा लागत नाहीं. मृत्यु झाला असल्यास ५ लाख रुपये आणि जबर दुखापत झाली असल्यास अडीच लाख रुपये अशी ठरीव रक्कम मिळते. दुसऱ्या वाटेनें गेल्यास चालकाची हयगय दाखवावी लागते. परंतु तेथें खऱ्या नुकसानीच्या मानानें रक्कम ठरते, आणि ती पुष्कळदां कितीतरी मोठी असते. येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. पहिल्या वाटेची ठरीव रक्कम एकदां पत्करली, कीं दुसऱ्या वाटेचा दावा पुढें चालत नाहीं. म्हणून घाईनें सही करूं नये. मोटार ठोकर देऊन पळून गेली व तिचा पत्ताच लागला नाहीं, तर मृत्यूबद्दल २ लाख व जबर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये देण्याची वेगळी योजना आहे.

दुसऱ्या वाटेवरील रक्कम कशी ठरते, हें उदाहरणानें चांगलें कळेल. पस्तीस वर्षांचा एक शिंपी आहे, असें समजा. त्याची कमाई महिना २० हजार. घरीं पत्नी, दोन मुलें आणि म्हातारी आई. वर्षाची कमाई २ लाख ४० हजार झाली. माणूस जगता तर त्याची मिळकत वाढली असती. म्हणून स्वतंत्र धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आंतील मनुष्याच्या कमाईंत चाळीस टक्के वाढ धरावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें आहे. ती धरली म्हणजे ३ लाख ३६ हजार होतात. त्यांतून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा भाग वजा करावयाचा. चार ते सहा माणसें अवलंबून असतील तर तो चौथा हिस्सा. राहिले २ लाख ५२ हजार. या रकमेला वयाप्रमाणें ठरलेल्या गुणकानें गुणावयाचें. २००९ च्या निर्णयाप्रमाणें एकतीस ते पस्तीस या वयाला गुणक १६ आहे. उत्तर येतें ४० लाख ३२ हजार. अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानि इत्यादि रकमा त्यावर आणखी मिळतात. पाकिटांतून आणलेल्या पांच-पन्नास हजारांवर समाधान मानणाऱ्या कुटुंबानें हा हिशेब एकदां तरी करून पाहावा.

"गृहिणी तर कांहीं कमावीत नव्हती" असें म्हणणाऱ्यांनाही न्यायालयानें उत्तर दिलेलें आहे. जमशेदपूर येथें १९८९ सालीं झालेल्या आगीच्या प्रकरणांत, २००१ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें गृहिणींच्या घरकामाचें मोल महिना ३ हजार रुपये धरलें; आणि २०२१ सालीं त्या श्रमाचें मोल धरलेंच पाहिजे, हें पुन्हा निक्षून सांगितलें. जखमी मनुष्याच्या बाबतींतही इजा सारखी म्हणून भरपाई सारखी, असें होत नाहीं. डावा हात गमावलेला कारकून कदाचित् आपली नोकरी टिकवील; तोच हात गमावलेल्या सुताराचा वा मोटारचालकाचा धंदाच बुडतो. डॉक्टरनें दिलेला अपंगत्वाचा टक्का आणि कमाईची खरी हानि या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं स्पष्ट केलें आहे.

दोष दोन्ही बाजूंचा असला तर? जुन्या इंग्रजी कायद्यांत जखमी मनुष्याची थोडीशी चूकही त्याच्या दाव्याला घातक ठरे. पण १८४२ सालीं एका गाढवाच्या खटल्यानें या कठोरपणाला फट पडली. मालकानें पुढचे पाय बांधून गाढव हमरस्त्यावर चरावयास सोडलें होतें. भरधांव आलेल्या गाडीनें तें चिरडलें. न्यायालय म्हणालें, कीं मालकाची चूक असली तरी गाडीवानाला वेळीच आवरतां आलें असतें. सबब त्यानें भरपाई द्यावी. आज आपल्याकडे दोषाची वांटणी करतात. वरील शिंपी पंचवीस टक्के दोषी ठरला, तर ४० लाख ३२ हजारांपैकीं चौथा हिस्सा कमी होऊन ३० लाख २४ हजार राहतील. दोन वाहनांची टक्कर होऊन निर्दोष प्रवासी जखमी झाला असेल, तर तो दोहोंपैकीं कोणाकडूनही संपूर्ण भरपाई मागूं शकतो.

आणखी एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. चालक फौजदारी खटल्यांतून सुटला म्हणजे भरपाई बुडाली, असें पुष्कळांना वाटतें. तसें नाहीं. फौजदारी न्यायालयाला शंकेला जागा न उरेल इतका पुरावा लागतो. न्यायाधिकरणाला अधिक संभवनीय काय, एवढेंच पाहावयाचें असतें. तेथें शिक्षा दिली जात नाहीं, झालेली हानि भरून काढली जाते.

मग घरच्यांनीं करावें काय? प्रथम उपचार. कोणत्याही डॉक्टरनें, तो सरकारी असो वा खाजगी, जखमीस तात्काळ मदत दिलीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा आदेश आहे. नेमलेल्या इस्पितळांत पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरतां उपचार मिळण्याची योजना २०२५ सालीं सुरू झाली आहे. जखमीला उचलून नेणाऱ्या परोपकारी मनुष्याला पोलिसांनीं साक्षीदार होण्याची सक्ती करूं नये, असें संरक्षण त्याला २०१६ सालीं न्यायालयानें व २०१९ सालीं कायद्यानें दिलें आहे. तेव्हां भीतीनें कोणी तोंड फिरवूं नये. त्यानंतर पोलिसांत नोंद करवावी. फिर्याद व पंचनामा यांच्या नकला घ्याव्या. वाहनाचा क्रमांक व विमा कंपनीचें नांव टिपून ठेवावें. औषधांची प्रत्येक पावती आणि कमाईचा पुरावा, मग तो पगारपत्रक असो, बँकेचें पुस्तक असो वा धंद्याची वही असो, जपून ठेवावा. दावा अपघाताच्या जिल्ह्यांतच केला पाहिजे असें नाहीं. जखमी मनुष्य वा वारस जेथें राहतात त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणांतही तो करतां येतो. मुदत मात्र नीट लक्षांत ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनें ती अपघातापासून सहा महिन्यांची केली आहे. त्या मर्यादेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली गेली आहे. तरीही शहाण्यानें सहा महिन्यांच्या आंतच अर्ज करावा.

शेवटीं वाहनमालक श्रोत्यांसाठीं दोन शब्द. विम्याचा हप्ता चुकला तर पोलीस दंड करतील, एवढ्याच भयानें पुष्कळ लोक तो भरतात. पण मुदत संपलेल्या विम्याची गाडी रस्त्यावर आणणारा मालक दुहेरी धोका पत्करतो. भरपाईचा सारा भार त्याच्या घरादारावर येऊं शकतो. आणि त्याची ऐपत नसेल, तर कोणा अनोळखी कुटुंबाचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून आज घरीं गेल्यावर आपल्या गाडीच्या विम्याचा कागद काढून त्यावरील तारीख पाहावी. आपल्या अनोळखी शेजाऱ्यासाठीं एवढें तर आपण सहज करूं शकतों.