चुन्याचे भाऊबंद

चुना हा आपल्या घरांतला जुना पदार्थ. तो भिंतीला लागतो, विड्याला लागतो आणि मोरचुदाबरोबर बोर्डो मिश्रणांत मिसळून द्राक्षबागेवरही जातो. ह्या चुन्यांत जो धातु आहे त्याचें नांव कॅल्शियम. मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम व बेरियम हे त्याचे भाऊबंद होत. रसायनशास्त्रांत ह्या कुळास अल्कधर्मी मृत्तिका धातु म्हणतात. बेरिलियम व रेडियम हेही त्याच कुळांतले. परंतु शेतकऱ्याचा त्यांच्याशीं व्यवहार नाहीं. हंफ्री डेव्ही ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०८ सालीं विजेच्या साहाय्यानें पहिले चारही धातु वेगळे करून दाखविले. निसर्गांत मात्र ते सुटे कधींच सांपडत नाहींत. बेरियम तर हवा लागतांच काळवंडतो आणि पाण्यांत पडतांच फसफसूं लागतो.

एका खात्यावर नांवें असलेल्या भावांचे स्वभाव निराळे असतात, हें दप्तर सांभाळतांना मीं पुष्कळ पाहिलें. येथेंही तोच प्रकार आहे. एक लिटर पाण्यांत मॅग्नेशियमचें सल्फेट, म्हणजे जुलाबासाठीं घेतात तें एप्सम मीठ, तीनशें ग्रॅमांहून अधिक विरघळतें. कॅल्शियमचें सल्फेट, म्हणजे जिप्सम, सुमारें दोन ग्रॅम. आणि बेरियमचें सल्फेट अवघें दोन-तीन मिलिग्रॅम! हायड्रॉक्साइडांचा क्रम नेमका उलटा. तेथें मॅग्नेशियम जवळजवळ विरघळत नाहीं, भिजवलेला चुना थोडा विरघळतो व बेरियम सर्वांत अधिक. ह्या धातूंपासून लाभ होईल कीं घात, हें बहुतेक विरघळण्यावर ठरतें.

क्ष-किरणांनीं आंतडीं तपासावयाचीं असतां रोग्यास बेरियम सल्फेट पाण्यांत कालवून पाजतात. तें पोटांतील आम्लांतही विरघळत नाहीं, म्हणून जसेंच्या तसें बाहेर पडतें. बेरियम कार्बोनेटही पाण्यांत विरघळत नाहीं. पण आम्ल मिळतांच विरघळतें, आणि विरघळलेला बेरियम हें जालीम विष आहे. पूर्वी उंदीर मारण्यास हीच पांढरी भुकटी वापरीत. तिला ना वास, ना चव. आमच्या वडिलांनीं एकदां ती आणली, चिमूटभर पेल्यांत टाकून पाहिली व "ही तर विरघळतच नाहीं" म्हणून निर्धास्त झाले. कणकेच्या उरलेल्या गोळ्या कोंड्याच्या टोपलींत राहिल्या आणि तो कोंडा कालवडीपुढें गेला. संध्याकाळपर्यंत तिचे पाय लुळे पडले. रात्रीं ती गेली. पेल्यांतल्या पाण्यांत आम्ल नव्हतें, कालवडीच्या पोटांत होतें, एवढाच काय तो फरक. असा प्रसंग माणसावर आल्यास तत्काळ इस्पितळ गाठावें. तेथें सल्फेटाचें मीठ देऊन पोटांतील बेरियमचें न विरघळणारें सल्फेट बनवितां येतें. घरीं मात्र हा प्रयोग करूं नये.

आतां जमिनीकडे येऊं. कोंकणांतील आम्ल जमिनींत चुनखडीची पूड घातली असतां ती विरघळते व गुण देते. देशावरील चोपण जमिनींत मात्र चुनखडीचे खडे मुळांतच असतात, तरी त्यांचा उपयोग होत नाहीं. कां? तर तेथें आम्ल नाहीं. चुना आहे, पण तो कुलुपांत आहे! अशा जमिनींत सोडियमनें मातीचे कण फुटून पाणी मुरेनासें होतें. जिप्सम थोडें कां होईना, पाण्यांत विरघळतें. त्यांतील कॅल्शियम सोडियमला हुसकून मातीच्या कणांवर आपली जागा घेतो. परीक्षा सोपी आहे. दोन पेल्यांत पावसाचें पाणी घेऊन प्रत्येकांत चोपण मातीचें ढेंकूळ टाकावें. दोन्ही गढूळ होतील आणि गाळ बसणार नाहीं. मग एकांत जिप्समची पूड ढवळावी व दोन्ही पेले रात्रभर ठेवावे. सकाळीं तो पेला निवळलेला दिसेल. किती जिप्सम घालावयाचें हें माती तपासूनच ठरवावें; शेजाऱ्यानें किती घातलें हें प्रमाण नव्हे.

हुसकलेला सोडियम जाणार कोठें, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडील एका कालव्याखालच्या नंबरास वर्षानुवर्षें चोपण पड अशी नोंद होती. मालकानें जिप्सम पेरलें, परंतु चर खणले नाहींत. उन्हाळ्यांत पांढरा थर पुन्हां वर आला, व जिप्सम खोटें म्हणून तो दुकानदाराशीं भांडला. पुढील वर्षीं उताराच्या बाजूस चर खणून त्यानें पुन्हां जिप्सम घातलें आणि पावसाचें पाणी बांध घालून शेतांत मुरूं दिलें. तिसऱ्या वर्षीं पीकपाहणीच्या पत्रकांत त्या नंबराच्या वरच्या अर्ध्या भागांत मीं गहूं लिहिला. खालचा भाग, जेथें चर उथळ राहिले होते, तेव्हांही पडच होता.