ट्रायथलॉनला उतरायचंय? सायकल लाखाची नको, पण ब्रेक आणि दम पक्का हवा

बोरिवली : रविवारी सकाळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात उभं राहिलं की दोन तऱ्हेच्या सायकली आत जाताना दिसतात. काही लाखाच्या घरातल्या, एका हातानं उचलता येतील अशा. काही आपल्याकडं दूधवाला वापरतो तसल्या काळ्या, नाहीतर जाड टायरच्या. कान्हेरी लेण्यांकडं जाणारा सहा-सात किलोमीटरचा रस्ता दोघांनाही सारखाच चढ दाखवतो आणि दम दोघांचाही लागतो.

आपल्या तालुक्यांतली कितीतरी पोरं अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला नोकरीला आहेत. त्यांच्या स्टेटसला हल्ली गळ्यात मेडल घातलेले फोटो दिसतात. गावाकडंही तालुक्याच्या ठिकाणी सायकल शर्यती होतात, कुठं छोटी ट्रायथलॉन होते. मग पहिला प्रश्न येतो, सायकल कुठली घेऊ? हा प्रश्न खरं तर शेवटी यायला पाहिजे. हप्त्यावर पन्नास हजाराची सायकल घेतली आणि पाण्यात दहाव्या मिनिटाला होडीवाल्यानं बाहेर काढलं, तर शर्यत तिथंच संपते, हप्ते मात्र चालू राहतात.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलायचा वेळही घड्याळात मोजला जातो. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. ऑलिम्पिकचं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असं आहे. त्याच्या निम्मी म्हणजे ‘स्प्रिंट’. ती ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटरची. १९७८ साली हवाईत सुरू झालेली ‘आयर्नमॅन’ यापेक्षा कितीतरी मोठी. तिच्यात ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. तिची अर्धी आवृत्ती २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होऊ लागली. कोल्हापुरातही राजाराम तलावावर ‘लोहपुरुष’ नावाची ट्रायथलॉन झालेली आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्यानं स्प्रिंटच्या पुढं बघू नये.

विहिरीतलं पोहणं वेगळं

गावची पोरं पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली असतात. ‘आपल्याला पोहता येतं’ हा विश्वास तिथूनच येतो, आणि खरा धोकाही त्यातच आहे. विहिरीत चार हात मारले की काठ लागतो. दम घ्यायला कपार असते. तलावात तीनशे मीटरवर दम संपला तर धरायला काहीच नसतं. त्यात शंभर-दीडशे माणसं एकदम पाण्यात उतरतात, कुणाची लाथ तोंडावर बसते, चष्मा निघतो, पाणी नाकात जातं. माणूस बुडतो तो बऱ्याचदा अशा वेळी घाबरल्यामुळं.

डोकं वर धरून पोहण्याची आपल्याकडं सवय असते. डोकं वर राहिलं की पाय खाली जातात आणि अंग पाण्याला अडवत राहतं. दोनशे मीटरमध्ये मान आणि खांदे भरून येतात. तोंड पाण्यात ठेवून श्वास आत सोडायचा आणि बाजूला मान वळवून घ्यायचा, हे शिकायला महिना-दीड महिना लागतोच. ट्रायथलॉनमध्ये बेडकासारखं पोहलं तरी चालतं, उताणं पडून दम घेतला तरी चालतं. थकलात तर मदतीच्या होडीला धरून थांबताही येतं, फक्त होडीनं पुढं ओढून नेता कामा नये. हे कितीजणांना माहीत नसतं म्हणून हात वर करायला लाजतात. लाजू नये.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी महापालिकेचे तलाव आहेत. अंधेरीला शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, मुलुंडला कालिदास नाट्यगृहाच्या संकुलात, कांदिवलीला आणि चेंबूरलाही. खासगी क्लबच्या मानानं फी परवडणारी असते. सभासद होताना डॉक्टरचा दाखला मागतात, तो आधीच काढून ठेवावा. पंचवीस मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक धरून. न थांबता चाळीस जमल्या की मगच नाव नोंदवा.

उघड्या पाण्याचा सराव करायचा म्हणून पवई तलावात उतरायचं नाही. तिथं मगरी आहेत, गंमत नाही. मालाडच्या आक्सा किनाऱ्यावरही नाही. तिथल्या ओढीनं चांगल्या पोहणाऱ्यांचे जीव गेलेत. गावाकडं धरणात किंवा शेततळ्यात एकट्यानं सराव हा तसलाच प्रकार. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय घसरतो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मालवणला चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा होतात. सोबत होड्या आणि माणसं असतात, त्यामुळं उघड्या पाण्याची भीती मोडायला अशा ठिकाणी जाणं बरं.

घरचीच सायकल, पण अशी नाही

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून काही पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले होते. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा सुमारे ७१ हजार किलोमीटर करून १९२८ साली परत आले. त्या सायकली आजच्या मानानं अगदी साध्या होत्या. तेव्हा वीस किलोमीटरला घरची सायकल पुरते, याची शंका नको. मात्र ती तपासून घ्यायची.

सुरुवात ब्रेकपासून. दांड्याच्या ब्रेकची जुनी काळी सायकल असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. पावसाळी शर्यतीला अशी सायकल नेऊच नये. वायरच्या ब्रेकचे रबर झिजून खाचा बुजल्या असतील तर नवे टाका. वायर लिव्हरजवळ तुटायला येते, तिथं एकजरी तार सुटलेली दिसली तरी बदला. हा खर्च किरकोळ आहे. रिमला तेलाचा हात लागलेला नसावा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर वायर ओढून घ्या. दोन्ही ब्रेक चालू नसतील तर सायकल शर्यतीत घेत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

नंतर टायर. बाजूला हवेचा आकडा छापलेला असतो, त्याच्या आत राहून भरपूर हवा भरा. खाचांचा जाड टायर डांबरी रस्त्यावर ताकद खातो. त्याच मापाचे गुळगुळीत टायर टाकले तर सायकल बदलल्यासारखी वाटते. पैसे खर्च करायचे असतील तर पहिले इथं करा. बाजूच्या रबराला चिरा असतील तर तो टायर शेतात दोर गुंडाळायला ठेवा, शर्यतीला नको. पंक्चर मात्र स्वतःला काढता यायला पाहिजे. शर्यतीत दुकान नसतं आणि बाहेरच्याची मदत चालत नाही. जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप सीटखाली बांधा. घरी पाच वेळा चाक काढून ट्यूब बदलून बघा. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, पाचव्यांदा दहा मिनिटांत होतं.

चेनला जळकं ऑईल घालायची आपल्याकडं खोड आहे. त्यानं धूळ धरते आणि चेन कानसीसारखी दात खाते. चेन रॉकेल किंवा डिझेलनं धुवा, वाळवा, प्रत्येक कडीवर पातळ तेलाचा एक थेंब टाका आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून काढा. चेन संपली की नाही हे फुटपट्टीनं कळतं. एका पिनेवर शून्य धरून पुढच्या २४ पिना मोजा. बरोबर १२ इंच भरलं पाहिजे. एक सूत जास्त भरलं तर चेन ताणली गेली. ती तशीच चालवली तर मागचे दातेही जातात.

चाक फिरवून आऊट बघा, तारा हातानं चाळवून ढिल्या नाहीत ना पाहा. कॉटरवाला क्रँक असेल तर कॉटर ठोकून घ्या. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर काढलं की दोन-तीन किलो उतरतात. हँडलच्या उघड्या टोकांना बूच हवीच, पडल्यावर ती नळी पोटात घुसते.

सीटची उंची सगळ्यात जास्त चुकते, कारण दोन्ही पाय टेकवायची सवय. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. तीच उंची. सीट खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते, फार वर असेल तर कंबर डोलते.

घाट आला की

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा मान वेगळा दिला जातो, कारण घाटाचं गणितच वेगळं. समोर ४४ आणि मागं १८ दात असलेली बिनगिअरची काळी सायकल पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर पुढं जाते. सपाटीला हे छान, चढाला गुडघे मोडणारं. गिअरच्या सायकलला पुढं २८, मागं २८ असा जोड असेल तर एका फेऱ्यात दोनच मीटर जाते, पण ताकद तेवढीच कमी लागते. म्हणून नाव देण्याआधी शर्यतीचा रस्ता एकदा बघून यावा. सपाट असेल तर बिनगिअरचीही चालेल. चढ असेल तर गिअरची सायकल कुणाकडून मागून घ्या, आणि महिनाभर आधी घ्या, आदल्या दिवशी नको.

घाट उतरताना ब्रेक धरून ठेवायचा नाही. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, परत दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

ड्युटी सांभाळून सराव

समजा, पोरगा भांडुपला राहतो आणि अंधेरीत बारा तासांची ड्युटी करतो. त्याला रोज तीन खेळ जमणार नाहीत, आणि गरजही नाही. आठवड्यात दोन दिवस पोहणं, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणं, एक दिवस पूर्ण आराम. प्रत्येक वेळी पाऊण तास. तीन महिने असं चाललं तर स्प्रिंट पूर्ण होते. अंतर दर आठवड्याला दहावा हिस्सा वाढवा, त्याहून जास्त नको. नडगी दुखायला लागली तर ती वाढवण्याची घाई झाल्याची खूण.

पंधरा दिवसांतून एकदा सायकलवरून उतरून लगेच दोन किलोमीटर धावा. पहिली पाच मिनिटं पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. शर्यतीच्या दिवशी हा प्रकार पहिल्यांदा झाला तर माणूस घाबरून चालायला लागतो.

सरावाला जागा निवडताना उपनगरातल्या हायवेवर दिवसा सायकल नेऊ नका. आरे कॉलनीतले चढउतार किंवा बोरिवलीचं उद्यान पहाटे-सकाळी बरं. उद्यान सोमवारी बंद असतं. दोन्हीकडं बिबट्याचा वावर आहे, त्यामुळं अंधारात एकट्यानं थांबायचं नाही. मागं लाल दिवा लावा. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी होतात.

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं. तासाच्या वरच्या सरावाला घरचं सरबत न्या. एक लिटर पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. बाजारातल्या पावडरीवर पैसे घालायचं कारण नाही. ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, किंवा बीपी, साखर, घरात हृदयविकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरकडं जाऊन ईसीजी काढावा.

अमेरिका आडवी पार करायची ‘रॅम’ शर्यत सुमारे ४,८०० किलोमीटरची. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या संघानं पूर्ण केली. दोघंही पेशानं डॉक्टर. कामधंदा असलेली माणसंही वेळ काढून कुठवर जातात, हे त्यातून कळतं.

शर्यतीच्या दिवशी

नवीन काही नको. नवे बूट, नवा खाऊ, नवी सीट, सगळं त्या दिवशी दगा देतं. सरावात पोहे-केळं खात असाल तर तेच, सुरू व्हायच्या दोन-अडीच तास आधी. पाण्यातून आल्यावर सायकल कुठं लावलीय ते सापडत नाही, म्हणून आपली रांग आधी चालून बघा, एखादी खूण लक्षात ठेवा.

हेल्मेट सक्तीचं आहे. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मग सायकलला हात लावायचा. परत आल्यावर सायकल जागेवर ठेवूनच पट्टा काढायचा. हा क्रम चुकला की दंडाचा वेळ बसतो. बहुतेक हौशी ट्रायथलॉनमध्ये पुढच्याच्या मागं चिकटून सायकल चालवलेली चालत नाही. कानात गाणी नाहीत.

छातीवरच्या नंबराच्या कागदाची मागची बाजू बरेचजण कोरी ठेवतात. तिथं ठळक पेनानं रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती, आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहा. त्या दिवशी जो फोन घेऊन काठावर उभा असेल त्याचाच नंबर द्या, गावी रेंज नसलेल्या ठिकाणचा नको.