काईपासून इंधन : साखर आहे, पण कुलूपबंद!

वुजूच्या हौदाची साफसफाई राहिली की भिंतीला हिरवी काई धरते. पुस्तकात तिला शेवाळ म्हणतात. वर्गात मुलं विचारतात, "सर, यापासून पेट्रोल होतं म्हणे?" पेट्रोल नाही, पण पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल होऊ शकतं.

आज आपल्या पनवेलच्या पंपावरही 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल मुख्यतः ऊस, मका आणि तांदळापासून बनतं. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडण्याची भीती होती, तेव्हा केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध घातले. म्हणजे चहातली साखर आणि गाडीतलं इंधन एकाच शेतातून येतं. शेवाळाला मात्र शेत लागत नाही. काही जाती खाऱ्या पाण्यात वाढतात, काही सांडपाण्यातही.

मग अडचण काय? शेवाळातली बरीचशी साखर स्टार्च आणि सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली असते. यीस्टला या साखळ्या खाता येत नाहीत. म्हणून आधी त्या तोडाव्या लागतात. त्यासाठी शेवाळ सौम्य अ‍ॅसिडमध्ये तापवतात किंवा एन्झाइम वापरतात. भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ना? तिथे लाळेतलं एन्झाइम हेच काम करतं. सुटी झालेली साखर यीस्टला दिली की इथेनॉल तयार. 100 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 51 ग्रॅम. पण अ‍ॅसिड आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर साखरेचेच असे पदार्थ बनतात की यीस्ट मरतं.

भावनगरच्या सरकारी मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने 2012 मध्ये हे दाखवून दिलं. कप्पाफायकस या समुद्री शेवाळाचा रस पिळून तो खतासाठी घेतला आणि उरलेल्या चोथ्यापासून इथेनॉल केलं.

तरीही ते पंपावर आलेलं नाही. तलावात वाढवलेलं बारीक शेवाळ लिटरभर पाण्यात बहुधा ग्रॅमभरही नसतं. ते गाळायला आणि सुकवायलाच भरपूर वीज लागते. त्यामुळे शेवाळाच्या इंधनातून झटपट नफ्याची स्कीम कोणी सांगितली तर पहिला प्रश्न हाच विचारा, पाणी काढायचा खर्च किती?

अकरावी-बारावी सायन्सच्या मुलामुलींनो, हे कोडं अजून सुटायचं आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जैवइंधनावर काम चालतं, आणि तिथे आपल्या लोकलने जाता येतं.