दूरचित्रवाणी संचाजवळील स्पीकर : चुंबकीय संरक्षणाचे तत्त्व

पुण्यात महात्मा फुले मंडईनजीक बुधवार पेठेतील तापकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सुपरिचित बाजारपेठ आहे. अशा बाजारातून आणलेला साधा स्पीकर चित्रनलिकेच्या रंगीत संचाला लागून ठेवल्यास पडद्यावर हिरवे-जांभळे डाग उमटतात. चित्रनलिकाच निकामी झाली, असा गैरसमज होऊन नाहक खर्च होण्याचा संभव असतो.

चित्रनलिकेतील तीन इलेक्ट्रॉन शलाका सच्छिद्र धातूच्या पत्र्यातून आपापल्या रंगाच्या ठिपक्यांवर पडतात. स्पीकरमधील चुंबकामुळे त्या विचलित होऊन भलत्या रंगाचे ठिपके उजळतात.

नेहमीच्या वापरातील कोणताही पदार्थ चुंबकीय क्षेत्र नुसते अडवीत नाही. क्षेत्रास दुसरा मार्ग द्यावा लागतो. म्हणून लाकडी पेटी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा निरुपयोगी ठरतो. संरक्षित स्पीकरमध्ये मुख्य चुंबकामागे विरुद्ध दिशेने दुसरा चुंबक चिकटवून त्यावर पोलादी टोपण बसवितात. परिणामी बहुतेक बलरेषा पोलादातूनच परततात.

संरक्षण नसल्यास अंतर वाढविणे हाच उपाय होय. अंतर दुप्पट केल्यास क्षेत्र साधारणतः एक-अष्टमांश उरते. राहिलेले सौम्य डाग, थंड झालेला संच पुन्हा सुरू करताच, त्यातील विचुंबकन वेटोळ्यामुळे नाहीसे होतात.

द्रवस्फटिक पडद्यात इलेक्ट्रॉन शलाका नसल्याने हा दोष संभवत नाही. तथापि, चुंबकीय क्षेत्राचा परिणाम विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविण्यास जुना रंगीत संच व स्पीकर आजही उपयुक्त आहेत.