ऑटोपे बिल भरतं, तपासत नाही: वीजबिल नीट कसं वाचायचं?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकता ऐकता मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना घाईत सुटलेले एक-दोन मुद्देही यात घातलेत.

आजचा विषय वीजबिल. "मागच्या महिन्यात साडेसहाशे आलं होतं, या महिन्यात दोन हजार कसं? आणि पैसे खात्यातून गेलेसुद्धा!" डहाणू-तलासरीकडे हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या घरात असतोच. यात खरं तर दोन प्रश्न आहेत. बिल का वाढलं, हा पहिला. आणि न विचारता पैसे कसे गेले, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

आधी युनिट बघा, रुपये नंतर

आपण बिल उघडलं की डोळे थेट खालच्या मोठ्या आकड्यावर जातात. पण तो आकडा म्हणजे फक्त उत्तर. गणित वर असतं. महावितरणच्या बिलावर एक ओळ असते: चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट, एकूण. चालूमधून मागील वजा केलं की युनिट मिळतात. घरगुती मीटरला गुणक अवयव बहुतेक वेळा १ असतो, त्याची काळजी करू नका.

आता मोबाईल घ्या आणि मीटरसमोर जा. मीटरवरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा थोडा जास्त असायला हवा, कारण रीडिंग घेतल्यानंतरही वीज वापरली गेली आहे. तो कमी दिसला तर बिलात गडबड आहे. आणि चालू रीडिंगच्या जागी आकडा नसून 'लॉक' किंवा 'फॉल्टी' असा काही शेरा असेल, तर ते बिल रीडिंगचं नाहीच. ते सरासरीचं, म्हणजे अंदाजाचं बिल आहे.

आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं का? कारण इकडे घरं बंद राहतात. तलासरीतून कोणी उंबरगाव-वापीच्या कंपनीत जातं, कोणी सिल्वासाला. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडावर परत येतं. मीटर घराच्या आत आणि दाराला कुलूप, मग रीडिंग घेणारा करणार काय? आधीच्या वापरावरून सरासरी काढली जाते आणि बिल येत राहतं. पुढे खरं रीडिंग मिळालं की हिशेब जुळवला जातो. जास्त घेतलं असेल तर वजा होतं, कमी घेतलं असेल तर एकदम अंगावर येतं.

एकदम आलेलं बिल आणि स्लॅबची भानगड

हे सगळ्या महाराष्ट्राने एकदम अनुभवलं ते २०२० मध्ये. लॉकडाऊनमुळे २३ मार्च २०२० पासून महावितरणने मीटर रीडिंग थांबवलं. सरासरी काढली ती डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीवरून, म्हणजे थंडीतल्या कमी वापरावरून. प्रत्यक्षात एप्रिल-मेमध्ये सगळे घरात, पंखे दिवसरात्र चालू. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि आधी न मोजलेले युनिट एकाच बिलात आले. लोक भडकले, आणि ते साहजिकच होतं. पण तेव्हा कळीचा प्रश्न असा होता की तीन महिन्यांचे युनिट तीन महिन्यांत विभागून दर लावलेत, की एकाच महिन्याचे समजून?

फरक किती पडतो ते बघू. घरगुती विजेचे टप्पे आहेत: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. टप्पा चढला की पुढच्या युनिटचा दर वाढतो. खरे दर बदलत असतात, म्हणून सोपे आकडे धरू. समजा पहिल्या टप्प्याला ५ रुपये, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला १४. एका घराने तीन महिन्यांत ३६० युनिट वापरले.

एकाच महिन्याचे समजले तर: १०० युनिटचे ५००, पुढच्या २०० चे २,०००, उरलेल्या ६० चे ८४०. एकूण ३,३४० रुपये.

महिन्याला १२० असे विभागले तर: १०० चे ५०० अधिक २० चे २००, म्हणजे महिन्याला ७००. तीन महिन्यांचे २,१०० रुपये.

मीटर तेच, युनिट तेच, फरक १,२४० रुपयांचा. म्हणून एकत्र बिल आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: "स्लॅबचा फायदा महिन्यांप्रमाणे दिलाय का? आणि मी आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा केलीय का?" हा आपला हक्क आहे. कोणी उपकार करत नाही.

मीटर बदलला तर त्या महिन्यात जुन्या मीटरचे उरलेले युनिट आणि नव्याचे युनिट असे दोन्ही जोडले जातात. जुना मीटर काढताना त्याच्या शेवटच्या आकड्याचा आणि नव्याच्या पहिल्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. नंतर वाद झालाच तर तोच पुरावा.

बाकीच्या ओळी काय म्हणतात?

स्थिर आकार: एकही युनिट जाळला नाही तरी लागतो. म्हणून बंद घराचं बिल शून्य येत नाही.

वीज आकार: युनिट गुणिले दर, टप्प्यांप्रमाणे.

वहन आकार: वीज तारांवरून आपल्या घरापर्यंत आणण्याचा. इकडे हमखास विचारतात, "डहाणूत एवढं औष्णिक वीज केंद्र आहे, मग आणण्याचे पैसे कसले?" त्या केंद्राची वीज मुंबई उपनगरांतल्या ग्राहकांसाठी जाते. आपले ग्राहक क्रमांक महावितरणचे. वीज जवळ तयार होते म्हणून आपल्या गावातल्या तारा, खांब आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च टळत नाही.

इंधन समायोजन आकार: वीज खरेदीचा खर्च वर-खाली झाला की तो इथे येतो. दर न बदलताही बिल बदलतं त्याचं हे एक कारण.

वीज शुल्क: घरगुती ग्राहकाला १६ टक्के. हे राज्य सरकारकडे जातं.

याशिवाय वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येऊ शकतं. २०२१ च्या नियमांनंतर ही ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट धरली जाते, त्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये बरेच जण गोंधळले होते. ते वापराचं बिल नसतं. ती ठेव तुमच्या नावावर राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं.

आणखी एक. झाईच्या पलीकडे उंबरगावला राहणाऱ्या मित्राच्या बिलाशी आपलं बिल ताडून बघू नका. तिथे दक्षिण गुजरात वीज कंपनीचं बिल दोन महिन्यांचं येतं, दर वेगळे, टप्पेही वेगळे.

आता ऑटोपेकडे

ऑटोपे म्हणजे काय? तुम्ही बँकेला एकदाच सांगून ठेवलंय, "या कंपनीने मागितलं की या मर्यादेपर्यंत देऊन टाक." बस. ऑटोपेला युनिट कळत नाहीत, रीडिंग कळत नाही, सरासरी कळत नाही. आमच्या भाषेत, ही ठरल्या वेळी चालणारी स्क्रिप्ट आहे. आत चुकीचा आकडा आला तरी ती इमानदारीत चालते.

पण तिला दोन ब्रेक आहेत आणि दोन्ही आपल्या हातात आहेत.

पहिला ब्रेक, मेसेज. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार यूपीआय किंवा कार्डवरच्या ऑटोपेत पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला कळवावं लागतं. तो मेसेज आपण जाहिरात समजून उडवतो! बिल तपासायची, नको असेल तर थांबवायची हीच वेळ असते.

दुसरा ब्रेक, कमाल मर्यादा. बिल दर महिन्याला बदलतं, म्हणून सुरुवातीलाच एक कमाल रक्कम विचारली जाते. आपण घाईत जे असेल ते ठेवतो. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही, म्हणजे मर्यादा १५,००० ठेवली तर चुकीचं ९,००० चं बिलही गुपचूप जाईल. उलट मर्यादा १,००० ठेवली आणि मेमध्ये १,३४० चं बिल आलं, तर पैसे कापलेच जाणार नाहीत. तुम्ही निवांत, तिकडे मुदत संपून १.२५ टक्के विलंब आकार लागला. माझ्या मते मर्यादा मागच्या उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या बिलाच्या दीडपट ठेवावी. त्याच्या वर गेलं तर अडकू दे. अडकलं की आपण बघतो.

लक्षात ठेवायच्या आणखी तीन गोष्टी. ॲप डिलीट केलं म्हणून ऑटोपे बंद होत नाही, ॲपमध्ये जाऊन तो रद्दच करावा लागतो. बँक खातं बदललं तर जुना आदेश जुन्याच खात्यावर राहतो. आणि घरात बाबांनी केंद्रावर रोख भरलं, तिकडे ऑटोपेनेही भरलं, तर घाबरू नका. जादा रक्कम पुढच्या बिलात वजा चिन्हाने दिसते. पण ज्या घरात हजार रुपयेच शिल्लक असतात, तिथे महिनाभर अडकलेले पाचशे म्हणजे किराणा. म्हणून बिल कोण भरणार ते घरात एकदा ठरवा.

बिल चुकीचंच असेल तर?

मीटरचा फोटो काढा. १९१२ वर किंवा महावितरणच्या ॲपवर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच.

"पण तोपर्यंत वीज कापली तर?" वीज कायदा २००३ चं कलम ५६ लक्षात ठेवा. थकबाकीसाठी वीज कापण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती तुम्ही निषेध नोंदवून भरू शकता. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज कापता येत नाही. फक्त त्याआधी ऑटोपे थांबवा, नाहीतर अर्ज टेबलावर आणि पूर्ण रक्कम खात्यातून बाहेर! कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. त्याचा आदेश पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं.

हेच १५ दिवस तुम्हाला फसवणुकीपासूनही वाचवतात. "आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला की समजा, खोटा आहे. फोन करू नका, पाठवलेलं ॲप टाकू नका. घरातल्या मोठ्यांनाही सांगा, कारण वीज जाण्याची भीती त्यांनाच जास्त असते.

तर आज रात्री पाच मिनिटं काढा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा भाग उघडा आणि वीजबिलाची मर्यादा किती आहे ते बघा. मग मीटरचा फोटो काढून बिलाशेजारी धरा. कामासाठी घर बंद करून जाणार असाल तर महावितरणच्या ॲपवरून रीडिंग स्वतः पाठवता येतं, तेही करून ठेवा. आणि आपल्या बिलातली एखादी ओळ कळली नाही तर तिचा फोटो आम्हाला पाठवा. नाव आणि ग्राहक क्रमांक मात्र आधी झाका, बरं का.