धान्याचा मनोरा आणि लातूरचं पोतं

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत रेल्वेच्या ठाण्याठाण्यावर धान्याचे लाकडी मनोरे उभे राहिले. आडव्या फळ्या एकावर एक खिळून केलेल्या भिंती, आणि आत रहाटगाडग्यासारखा फिरणारा डब्यांचा पट्टा. शेतकऱ्याची गाडी खालच्या खड्ड्यात रिकामी व्हायची, डबे गहू वर न्यायचे आणि तिथून तो नळीवाटे थेट वाघिणीत उतरायचा. 1842 साली जोसेफ डार्टने बफेलो बंदरात वाफेवर चालवलेली ही युक्ती मराठवाड्यात रुजली नाही. याचं एक कारण रुळांतच दिसतं. 1911 मध्ये लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी. कुर्डुवाडीला मोठी लाइन गाठली की माल उतरवून पुन्हा भरावा लागे. नांदेडची मीटरगेज मनमाडला अशीच अडायची. दोनदा हाताळायचा माल पोत्यातच बरा.

पण रुळांवर सगळा भार टाकता येत नाही. पंजाबात एकसलग मोठी लाइन असूनही गहू पोत्यातच गेला. खरं कारण मला मालकीत दिसतं. मनोऱ्यात शेजाऱ्याशेजाऱ्यांचा गहू मिसळतो, म्हणून आधी प्रत ठरवून पावती द्यावीच लागते. पोत्यात मात्र सौदा होईपर्यंत ज्याचा माल त्याचाच राहतो. व्यापारी पोत्यात पोकळ, टोकदार नळी खुपसतात, तळहातावर दाणे घेतात, एखादा दाताखाली फोडतात, आणि ओलावा, माती, डागी दाणा यांचा हिशेब भावात धरतात. या क्षणी शेतकऱ्याच्या हातात प्रतीचा लेखी दाखला नसतो, आणि खरी उणीव तीच आहे.

मनोऱ्यांनीही शेतकऱ्याला नाडलं, हा आक्षेप रास्त आहे. पण सगळा व्यवहार एका ठिकाणी दिसत असल्यानेच त्यावर कायदा बसवता आला. 1877 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मन विरुद्ध इलिनॉय खटल्यात धान्य कोठारांच्या दरावर मर्यादा घालण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. आपल्याकडे माल एका ठिकाणी ठेवण्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे. माल गोदामात ठेवून कर्ज घ्यायचं आणि भाव आल्यावर विकायचं. मात्र गोदाम वाळलेला, स्वच्छ माल मागतं, आणि काढणीला पाऊस लागला तर लातूरचं सोयाबीन ओलं येतं. हमीभावाच्या खरेदीतली ओलाव्याची 12 टक्क्यांची अट 2024 च्या नोव्हेंबरात 15 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. तोवर ज्याला दिवाळीआधी उधारी फेडायची होती, त्याचं ओलं सोयाबीन मिळेल त्या भावाने गेलेलं होतं.